पायाचा जव

साहेबांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जण त्यांना ‘गोड माणूस’ म्हणाले. सहावा मी होतो. माझं नाव यादीत होतं, पण सूत्रसंचालकाने घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो, पण शांत नव्हतो. चौदा वर्षं ते वर माडीवर आणि मी खाली, माझं भुसार मालाचं दुकान आणि गिरणी त्यांच्याच जागेत. माझ्याइतका त्यांच्याशी भांडलेला माणूस कराडात दुसरा नाही. तिथे बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मुळात ‘गोड’ म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. साखर कारखान्यात त्यांनी आयुष्यभर केमिस्ट म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीच्या दिवशी, म्हणजे निरोपसमारंभातच, पेढ्याचा बॉक्स परत केला. त्या दिवसापासून साखर बंद. डायबिटीस नव्हता, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, नुसता राग. आमच्या भागात पाहुण्याने बिनसाखरेचा चहा मागितला तर घरातली बाई ओशाळते, तिला वाटतं आपली परिस्थिती काढली. साहेब घरोघरी असा चहा मागायचे. संक्रांतीला माझी बायको तिळगूळ द्यायला वर गेली तर म्हणाले, “वहिनी, तीळ मी घेतो. गूळ तुम्ही ठेवा.” ती लाडू हातात धरून तशीच खाली आली. म्हणाली, “आता ह्यातलं तीळ म्या येचू व्हय?”

साखरेवर त्यांचं एक भाषण होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. “शेठ, ऊस आयता गोड असतो. त्यात त्याचं कर्तृत्व काय? बापाने ठेवलेल्या पैशासारखं आहे ते. जवाकडे बघा. दगड असतो दगड. दोन दिवस पाण्यात पडतो, चार दिवस ओल्या पोत्यात घुसमटतो, मोड फोडतो, आणि तेव्हा पोटातून गोड होतो. कमावलेला गोडवा आहे तो.”

मी वडूजच्या बाजूचा. कोरडवाहू. कराडला आलो तेव्हा पाठीवर पोती वाहिली, मग बारदान विकलं, मग दुकान भाड्याने घेतलं. आयतं मला काही मिळालं नाही, त्यामुळे हे भाषण ऐकायला मला आवडायचं. पण तोंडावर कधी बोललो नाही. घरमालकाची स्तुती केली की भाडं वाढतं.

तर हे साहेब गच्चीवर बिअर करायचे. दारुडे नव्हते. आठवड्याला दोन पेले, तेही थर्मामीटर बुडवून. थर्मामीटर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा असायचा. एका लग्नात पंगतीत त्यांनी तो कढीत घातला आणि आचाऱ्याला आकडा सांगितला. आचारी पळी घेऊनच मागे लागला होता.

परवान्यासाठी त्यांनी उत्पादन शुल्क कचेरीत रीतसर अर्ज केला होता. कारकुनाने विचारलं, “बार कुठं हाय?” म्हणाले, “गच्चीवर.” “गिऱ्हाईक कोण?” “मी.” अर्ज वर पाठवला म्हणून सांगितलं. त्यानंतर साहेब प्रत्येक वेळी बिअर लावली की त्या कचेरीला पत्र टाकायचे: आज वीस लिटर लावली आहे, माहितीसाठी. उत्तर कधी आलं नाही. ते म्हणायचे, हरकत असती तर कळवलं असतं.

माझा त्यांच्या बिअरशी संबंध आला तो जवामुळे. एके दिवशी खाली आले आणि म्हणाले, “शेठ, मोड आणायला जव द्या. उत्तम द्या.” आता माझ्या दुकानात जव दोन प्रकारचा. एक सालीसकट, मळकट, नवरात्रात घटाला आणि होमाला लोक नेतात तो. दुसरा सोलून पांढराशुभ्र केलेला, आजारी माणसाच्या पेजेसाठी, दीडपट महाग. मी म्हटलं, शिकलेला माणूस आहे, महागाचा द्यावा. पाच किलो पांढरा दिला. भावात एक रुपयासुद्धा सोडला नाही.

चौथ्या दिवशी भर गर्दीत साहेब डब्याचं झाकण घेऊन आले. झाकणात ओलं फडकं, फडक्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडलेले शंभर दाणे.

“शेठ, शंभरपैकी शंभर मेले. तुम्ही दाणे विकता की मुडदे?”

दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. त्यातली एक म्हातारी पोतं सोडून देवाचं नाव घ्यायला लागली. सोललेल्या दाण्याचा कोंब सोलण्यातच जातो, हे भुसाराचं दुकान चालवणाऱ्याला कळायला पाहिजे होतं. कळलं नाही, कारण माझ्याकडून जव नेणारा माणूस त्याचं पुढे काय करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. पण चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, “आवं, पाणी कुठलं वापरलं? कृष्णंचं का बोअरचं?”

“मेलेल्याला गंगाजल घातलं तरी उठत नाही,” साहेब म्हणाले आणि झाकण माझ्या गल्ल्यावर ठेवून वर गेले. ते शंभर मुडदे मी संध्याकाळपर्यंत हलवले नाहीत. रागाने.

दुसरं भांडण गिरणीवरून. मोड आणून वाळवलेल्या जवाला मॉल्ट म्हणतात, आणि ते दळायचं नसतं, भरडायचं असतं. दाणा फुटला पाहिजे, साल शाबूत राहिली पाहिजे, कारण पुढे त्या सालीतूनच रस गाळायचा असतो. हे मला नंतर कळलं. मी आपलं भाकरीच्या पिठासारखं बारीक, गुळगुळीत दळून दिलं. माझ्या गिरणीचं नाव बारीक दळणासाठीच आहे. संध्याकाळी वरून हाका आल्या. गेलो, तर पातेल्यात पळी उभी.

“ही बिअर नाही, शेठ. निवडणुकीची पोस्टरं चिकटवायची खळ आहे.”

“मग चिकटवा की. कोण उभा ऱ्हायलाय?”

त्यावर आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन माझ्या चक्कीचे दगड सैल केले. माझ्या चक्कीला माझ्याखेरीज कुणी हात लावलेला नाही. मी ओरडत होतो आणि ते शांतपणे मूठभर दाणे टाकून, भरड हातावर घेऊन भिंगातून बघत होते. पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गिऱ्हाइकांना दोन तास बंद आणि साहेबांची भरड, असा पायंडाच पडला. त्याचे मी पैसे लावले. त्यांनी दिले. पण त्या दिवशी रस गाळून उरलेला चोथा खाली दूधवाल्याच्या म्हशीला जायचा, आणि ती म्हैस सकाळपासून माझ्या पायरीवर येऊन बसायची, त्याचे पैसे मात्र कुणी दिले नाहीत.

एवढं होऊनही त्यांचं समाधान होत नव्हतं. सगळं घोडं पायाच्या जवाशी अडलेलं. ते समजवायचे: मॉल्टचे प्रकार पुष्कळ. भाजलेलं, काळं केलेलं, गुळासारख्या वासाचं. पण ती सगळी चटणी. दहा किलोत नऊ किलो ज्याचे, ती भाकरी. “भाकरी कशाची ते आधी ठरू दे, शेठ. चटणीचं मग बोलू.” आणि भाकरी ठरत नव्हती. कधी परदेशातून आलेलं महाग पोतं मागवायचे, कधी आपल्याकडच्या उत्तरेतल्या कारखान्याचं, आणि थंडीत माझा सालीचा जव घेऊन गच्चीवर स्वतः मोड आणायचे. मुलीला स्थळं बघावीत तसं वर्षानुवर्षं चाललेलं. प्रत्येकात काहीतरी कमी.

मग कोरोना झाला. साहेब पंधरा दिवस दवाखान्यात होते, बरे होऊन आले, आणि बिअर पुन्हा सुरू झाली. मला काही वेगळं जाणवलं नाही. पण एका सकाळी मी त्यांना दुकानात चहा मागवला आणि हॉटेलवाल्याने चुकून गोड चहा पाठवला, आमच्याकडचा, चमचा चिकटेल असा. माझ्या लक्षात आलं तोवर साहेबांनी अर्धा पेला संपवला होता. मी कान बंद करून बसलो, आता भाषण येणार म्हणून. साहेबांनी उरलेला चहाही संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “हॉटेलवाला सुधारला. चहा चांगला करतो हल्ली.”

त्यांचं नाक गेलं होतं, जीभ गेली होती, आणि ते कुणाला सांगत नव्हते.

मी व्यापारी आहे. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो हाच की ही गोष्ट जपून ठेवावी, कामाला येईल. कारण तेव्हाच आमचा जागेच्या खरेदीचा सौदा चालू होता. त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने मोबाईल शोरूमवाला आणला होता, बत्तीस लाख म्हणून. साहेब मला म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं आहात, तुम्हाला अठ्ठावीस. मी एकवीस म्हटलं. दोन वर्षं घासाघीस करून ते पंचवीसवर आले आणि मी बावीसवर. तीन लाखांची फट राहिली. ती बुजली नाही तर पाडव्याला जागा शोरूमला. माझं सगळं त्या जागेत होतं. गिऱ्हाईक माझं नाव सांगत नाही, ‘केमिस्टसाहेबांच्या खाली’ म्हणतं. जागा गेली की मी पुन्हा पाठीवर पोतं घेऊन उभा.

जानेवारीत साहेबांनी मला वर बोलावलं. टेबलावर तीन बश्या, तिन्हीत मॉल्ट. “फेब्रुवारीत मला पंचाहत्तर पुरी होतायत,” ते म्हणाले. “कारखान्यातली जुनी आठ माणसं येणार. तीस वर्षं त्यांना सांगतोय की एकदा माझी बिअर पाजतो. पाया आता ठरवायचाच. व्यापाऱ्याचं मत हवंय मला. शेठ, तुमची जीभ दोन मिनिटं द्या.”

मत कसलं, त्यांना जीभच हवी होती. मी दारूला शिवत नाही, पण दाणा चावायचा म्हटलं तर बाजारात माझ्यापुढे कुणी नाही. गव्हाचा दाणा चावून मी तो कुठल्या कोठारात भिजला ते सांगतो. तिन्ही चावले. परदेशी मॉल्ट छान होतं, बिस्किटाच्या डब्यासारखं, पण पोत्यात जुनं झालेलं. उत्तरेतल्या कारखान्याचं म्हणजे नुसता पेंढा. आणि तिसरं तोंडात टाकलं तर आधी कुरकुर फुटलं, मग दुधासारखं गोड, मग मागून भाजक्या सातूचा वास. आठवड्यापूर्वी गच्चीवर वाळवलेलं, ताजं.

“ह्यो तिसरा,” मी म्हटलं. “ह्याच्या पासंगालाबी बाकीचे पुरत न्हाईत.”

साहेब हसायला लागले. “तो तुमच्या दुकानचा आहे, शेठ.”

“असंल की. पर ह्योच चांगला हाय.”

“तुम्ही तुमचाच माल निवडणार. चूक माझी, विचारलं मी.”

आता हे वाचणाऱ्याने माझ्या जागी उभं राहून बघावं. मी आयुष्यभर माल विकताना वाढवून बोललोय. जुन्याला नवा म्हटलंय, लातूरच्या डाळीला गुलबर्ग्याची म्हटलंय. त्या दिवशी, त्या माणसाला काही कळणार नाही हे माहीत असताना, मी एका दाण्याचंही खोटं बोललो नव्हतो. आणि नेमकं तेव्हाच त्याने मला खोटा ठरवला. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, बश्या उडाल्या.

“तिन्हीची बिअर लावा! माझा जव पैला न्हाई आला, तर पाडव्याला जागा खाली करतो. आला, तर बावीस लाखाला कागद!”

“कबूल,” साहेब म्हणाले. एवढं चटकन म्हणाले की जिन्यावरच मला कळलं आपण काय करून बसलो.

बायकोला मी सांगितलं नाही. तीन आठवडे गच्चीवर तीन पिंपं बुडबुडत होती आणि मी खाली भाव चुकीचे सांगत होतो. शेवटी दिवस ठरला तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. निवाडा कोण करणार? मी पीत नाही. साहेब म्हणाले, ज्याने केली त्याने निवाडा करणं बरोबर नाही. मी म्हटलं, अगदी बरोबर. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. दोघंही तीन पेल्यांपुढे बसलो, डॉक्टरांच्या दारात बसावं तसे.

“वहिनींना बोलवा,” साहेब म्हणाले. “प्यायचं नाही. नुसता वास घ्यायचा. स्वयंपाकघरातल्या माणसाचं नाक पक्कं असतं.”

बायको हात पुसत वर आली. पेले स्टीलचे, म्हणजे रंग दिसू नये. बुडाशी खडूने खुणा, त्या साहेबांनाच माहीत. पण मी आधीच लांबून तिन्हीचा वास घेतला होता. पहिला पेंढा. दुसरा बिस्किटाचा डबा. तिसरा माझा. तीन आठवड्यांत त्या दाण्याचं पाणी झालं होतं, बिअरला घालतात ती कडू फुलं पडली होती, तरी मी त्याला ओळखला.

तिने पदर नाकाला लावला, काढला, वाकली. पहिला हुंगून शिंकली. दुसरा हुंगला. तिसरा हुंगला. पुन्हा दुसरा. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होतो, पण ती बघेल तर ना.

“ह्यो मधला,” ती म्हणाली. “लय ग्वाड वास हाय.”

मी खुर्चीची कड धरली. साहेबांनी मधला पेला उचलला, डोळ्यांजवळ नेऊन बूड बघितलं, अंगठ्याने पुसलं आणि खाली ठेवला.

“शेठ, तुमचाच,” ते म्हणाले. “अभिनंदन. बावीसला कागद.”

जिना उतरता उतरता मी बायकोला विचारलं, “तिसरा काय वाईट हुता का गं?”

“वाईट कुठं? त्यो तर घरच्यावानीच वास. सातूचं पीठ भाजल्यावर येतो तसला. रोजचंच की त्ये. तुमी वासातला चांगला इच्यारला, म्हणून म्या येगळा सांगितला.” मग थांबून म्हणाली, “पर बावीसला कसला कागद?”

सांगावं लागलं. ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. “आवं, डोस्कं हाय का ठिकाणावर? चौदा वर्सांचं दुकान त्या फेसाच्या पाण्यावर लावलं? आन मला नाक खुपसाया बोलावलं?” ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बोलली ते एवढंच: “म्या हरवलं तुमाला. आन त्या माणसानं जिकवलं.”

हे मला सहन होईना. जिंकलो असतो तर छाती फुगवून मिरवलं असतं. हरलो असतो तर जागा सोडून ताठ मानेने गेलो असतो. पण हे दान होतं, आणि मी दान घेतलेला माणूस नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो.

“साहेब, बुडाला खूण काय हुती?”

“तुम्हाला नाकाने कळलं नाही?”

“मला कळलं. परदेशी हुता त्यो.”

“मग मला काय विचारता?” साहेब म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. “मला वास येत नाही, शेठ. दीड वर्ष झालं. कॉफी आणि रॉकेल, दोन्ही सारखं.”

हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. मी माहीत असल्याचं दाखवलं नाही. म्हटलं, “त्ये ऱ्हाऊ दे. मी हरलोय. बावीसला कागद मी करणार न्हाई. तुमचा भाव पंचवीस.”

“बावीस ठरलेत.”

“मग सव्वीस घ्या.”

“एकवीस,” साहेब म्हणाले.

“आवं, मी वर चाललोय!”

“दिसतंय मला. मी खाली चाललोय. तुम्ही एक चढलात की मी एक उतरणार.”

“सत्तावीस!”

“वीस.”

“अठ्ठावीस! शोरूमवाला बत्तीस देतोय तुमाला! पुतण्या काय म्हणंल?”

“एकोणीस. पुतण्याने कधी दाणा चावलाय का?”

मी घामाघूम झालो. असा सौदा मी कधी बघितला नव्हता. माणूस ऐकेच ना. आणखी चार पावलं गेलो असतो तर त्याने जागा फुकट दिली असती आणि वर मलाच पैसे मोजले असते. शेवटी मीच हात जोडले. “बास. एकोणीस. आता खाली उतरू नका.”

साहेबांनी थर्मामीटर खिशातून काढला, पुसला, परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “एक सांगा. तुमच्या जवाचा वास नेमका कसा होता?”

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, नीट सांगायला वेळ लागेल. ते म्हणाले, मला कुठे जायचंय. मी सांगायला लागलो. आधी ओल्या पोत्याचा वास, पण शिळा नाही, उन्हात टाकलेल्या पोत्याचा. मग फुटलेला दाणा. मग भाजलेलं पीठ, पण परातीतलं गार झालेलं नाही, कढईतून आत्ता उतरवलेलं. मागे जरासा कडवटपणा, तो फुलांचा, जवाचा नाही. एक शब्दही वाढवला नाही. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, “साल?” मी म्हटलं, सालीचा शेवटी येतो, कोरड्या भुसकाटासारखा.

माझं सांगून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. “मग पाया हाच. ठरलं. फेब्रुवारीत हीच पाजतो.”

“पर साहेब, चाखली कुणी? तुमी न्हाई, मी न्हाई. घरातलीनं तर दुसरंच सांगितलं.”

“तुम्ही सांगितलंत ना? पुरे झालं.”

कागद एकोणीसला झाला. फेब्रुवारीत आठ म्हातारे आले, पिंप संपवून गेले, आणि तळाचा गाळ खाऊन म्हैस दोन दिवस उभी राहिली नाही. पण ‘तुम्ही सांगितलंत, पुरे झालं’ हे वाक्य त्यांनी जानेवारीत, त्या तीन बश्यांपुढेच म्हणायला काय हरकत होती? मी बावीस लाख आनंदाने दिले असते.